“मी तर नुसता शेजारी बसलो होतो”

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या आईचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते आहे.

बारा वर्षांपूर्वी हे कुटुंब साताऱ्याकडून तिकडे गेलं. मुलगा १७ वर्षांचा, शाळेच्या शेवटच्या वर्षात. लहानपणापासून सॉकर खेळल्यामुळे पायात ताकद आहे, म्हणून शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो किकर झाला. एका लहानशा कॉलेजने त्याच्याबद्दल चौकशीही केली आहे. त्याचा जिवलग मित्र त्याच संघात आहे आणि तो मात्र खरा हिरा. त्याचा खेळ बघायला मोठमोठ्या विद्यापीठांचे कोच येतात. हा मित्र आजीजवळ वाढला आहे आणि त्याच्याकडे मामाने दिलेली एक दणकट, वेगवान गाडी आहे.

महिन्यापूर्वी आईला मुलाच्या फोनवर एक व्हिडिओ दिसला. रात्रीचा हायवे, काटा ११८ मैलांवर, म्हणजे ताशी जवळजवळ १९० किलोमीटर. शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्या गाडीचे दिवे, आणि या सगळ्यावर आपल्याच मुलाचं हसणं. जाब विचारल्यावर मुलगा म्हणाला, “मी चालवत नव्हतो, मी तर नुसता शेजारी बसलो होतो.” आणि पुढे म्हणाला, “जेलन कार्टरला काय झालं? हजार डॉलर दंड. आज तो सुपर बोल जिंकून बसलाय.” कार्टर म्हणजे जॉर्जिया विद्यापीठाचा माजी फुटबॉलपटू, आणि सुपर बोल म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना. त्याच कार्टरची विद्यापीठाच्या संघातली ८८ नंबरची जर्सी मुलाच्या खोलीत भिंतीवर लावलेली आहे.

नवऱ्याचं म्हणणं असं, की सीझन संपू दे, कॉलेजचं पत्र हातात पडू दे, काही झालं तर नाही ना? शिवाय ग्रीन कार्डचं प्रकरण अजून लटकलेलं, तेव्हा कुठेही तोंड उघडायचं नाही. आई विचारते: मित्राच्या आजीला सांगू का? कोचला सांगू का? सांगितलं आणि त्या पोराची स्कॉलरशिप गेली तर ते पाप माझ्या माथी येईल. मी उगाच बाऊ करतेय का? आणि ती जर्सी भिंतीवरून काढून टाकू का?

ताई,

तुम्ही जर्सीचा प्रश्न सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखा विचारलात. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करणार आहे. तुमच्या मुलाचा सगळा युक्तिवाद त्या जर्सीवर उभा आहे, आणि तुमचे यजमान जे म्हणतात तेही फिरून तिथेच येतं. दोघांनाही ती गोष्ट अर्धीच ठाऊक आहे.

इथल्या वाचकांसाठी एक खुलासा. हे फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रंगतं ते नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, हेल्मेट घालून, अंगावर धावून जाण्याचा हा अमेरिकन खेळ. जॉर्जियासारख्या राज्यात विद्यापीठाच्या संघाला जे स्थान आहे, ते आपल्याकडे फक्त क्रिकेटला मिळतं. त्यातल्या उत्तम मुलांना दर वर्षी एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ क्रमाक्रमाने उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. जितका वरचा क्रमांक, तितका मोठा पैसा.

९ जानेवारी २०२३ ला जॉर्जिया विद्यापीठाने अंतिम सामन्यात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला ६५-७ असं लोळवलं आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १४ जानेवारीला अथेन्स गावात मिरवणूक निघाली, स्टेडियमवर सोहळा झाला. त्या रात्री, म्हणजे १५ तारखेच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास, बार्नेट शोल्स रोडवर दोन गाड्या एकमेकींशी शर्यत लावत निघाल्या. एका गाडीत होता जेलन कार्टर, त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या क्रमांकासाठी ज्याचं नाव घेतलं जात होतं तो. दुसरी गाडी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने भाड्याने घेतलेली फोर्ड एक्सपिडिशन. ती चालवत होती संघाच्या खेळाडू भरती विभागातली २४ वर्षांची एक तरुणी. पोलिसांच्या तपासानुसार दोन्ही गाड्या लेन बदलत, समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये घुसत, इतर गाड्यांना मागे टाकत पळत होत्या. अपघाताच्या जरा आधी एक्सपिडिशनचा वेग ताशी १०४ मैल होता, म्हणजे १६७ किलोमीटर. चालवणाऱ्या तरुणीच्या रक्तात दारूचं प्रमाण ०.१९७ आढळलं. कायद्याची मर्यादा ०.०८ आहे. गाडी रस्ता सोडून विजेच्या खांबांवर आणि झाडांवर आदळली.

त्या तरुणीचा मृत्यू झाला. मागच्या सीटवर बसलेली एक सहकारी गंभीर जखमी झाली. पुढच्या सीटवर बसलेला खेळाडू किरकोळ जखमांवर वाचला. आणि मागच्या सीटवर बसलेला आणखी एक खेळाडू जागीच गेला. त्याचं नाव डेव्हिन विलॉक. वय २०, न्यू जर्सीहून आलेला, जर्सीचा नंबर ७७.

ताई, आज मुलगा शाळेतून आला की त्याला एवढंच विचारा: “७७ नंबरचा खेळाडू कोण होता रे?” रागाने विचारू नका. खायला देता देता विचारा. त्याला सांगता आलं तर पुढचं बोलणं सोपं होईल. नाही सांगता आलं, तर त्याने भिंतीवर काय लावलंय हे त्याचं त्यालाच कळेल.

कारण तो स्वतःला ८८ नंबरच्या जागी बघतोय. पण व्हिडिओतली त्याची जागा ८८ ची नाही. त्याच्या हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, गाडी कुठे वळवायची हे तो ठरवत नाही. तो ७७ च्या जागी बसलाय. “मी तर नुसता शेजारी बसलो होतो” हे तो बचाव म्हणून सांगतोय. डेव्हिन विलॉकही नुसता बसला होता. तुमच्या पत्रातल्या या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा आला, आणि म्हणूनच सांगते, तुम्ही अजिबात बाऊ करत नाही आहात.

आता त्या हजार डॉलरचं बघू. मुलाने सांगितलेला आकडा बरोबर आहे, पण तेवढाच सांगितला की त्याचा अर्थ बदलतो. १ मार्च २०२३ ला कार्टरविरुद्ध वॉरंट निघालं. तेव्हा तो इंडियानापोलिसला, व्यावसायिक संघांचे लोक ज्या चाचणी शिबिरात खेळाडूंना पारखतात तिथे होता. तिथून परत येऊन तो पोलिसांच्या स्वाधीन झाला आणि ४,००० डॉलरच्या जामिनावर सुटला. आपण निर्दोष ठरू असं त्या वेळी त्याने जाहीर केलं होतं. १६ मार्चला त्याने बेदरकार गाडी चालवणं आणि शर्यत लावणं या दोन आरोपांवर ‘नोलो’ अशी भूमिका घेतली. म्हणजे ना कबूल, ना नाकबूल; आरोप लढवत नाही, शिक्षा द्या. शिक्षा मिळाली ती १२ महिने प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं), १,००० डॉलर दंड, ८० तास सामाजिक सेवा आणि सुरक्षित वाहनचालनाचा एक अभ्यासक्रम.

इथे तुमच्या मुलाची मोठी चूक होतेय. ती शिक्षा दोन मृत्यूंची नव्हती. जी गाडी आदळली ती कार्टर चालवत नव्हता आणि मृत्यूला कारण झाल्याचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. त्याच्यावर आरोप होता शर्यतीचा आणि बेदरकारपणाचा, आणि जॉर्जियात हे दोन्ही किरकोळ वर्गातले गुन्हे आहेत. हजार डॉलर ही त्या गुन्ह्यांची किंमत होती. पण त्याच जॉर्जियात बेदरकार गाडी चालवून जीव घेतला तर तो मोठा गुन्हा ठरतो आणि ३ ते १५ वर्षांची कैद होऊ शकते. कार्टर आणि पंधरा वर्षं यांच्यामध्ये काय होतं? कुठली गाडी खांबावर आदळली, एवढंच. पहाटे पावणेतीनला, शंभर मैलांच्या वेगात, ते कोणाच्या हातात असतं?

दुसरं उदाहरण त्याला ठाऊक असेलच. हेन्री रग्ज. २०२० च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर उचलला गेलेला, विजेसारखा पळणारा खेळाडू. २ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे लास व्हेगासमध्ये दारूच्या अमलाखाली तो ताशी १५६ मैलांपर्यंतच्या वेगाने निघाला आणि पुढच्या गाडीवर आदळला. त्या गाडीतली २३ वर्षांची मुलगी आणि तिचा कुत्रा आगीत गेले. संघाने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला ३ ते १० वर्षांची शिक्षा झाली. ती शर्यत नव्हती, हे खरं. पण वेग तोच, वय तेच, स्वप्नही तेच. रग्जची जर्सी कुणी भिंतीवर लावत नाही, म्हणून मुलांना ते उदाहरण आठवत नाही.

“काही झालं नाही” असं कार्टरबद्दलही म्हणता येत नाही. ड्राफ्टमध्ये तो नवव्या क्रमांकावर घसरला आणि फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतलं. विलॉकच्या वडिलांनी क्रीडा विभागापासून कार्टरपर्यंत अनेकांवर ४ कोटी डॉलरचा दावा लावला. जखमी सहकारीणही कोर्टात गेली. तरी हे सगळं मी आवाज चढवून सांगणार नाही, कारण तुमचा मुलगा लगेच म्हणेल, की नववा तर नववा, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल तर जिंकलाच ना. जिंकला, खरं आहे. तो उत्तम खेळतो, हेही खरं आहे. शिक्षा भोगलेल्या माणसाने आयुष्यात पुन्हा उभं राहू नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच्या यशावरून शर्यतीचा धोका मोजता येत नाही. धोका मोजायचा तर त्या रात्री त्या दोन गाड्यांत बसलेली सगळी माणसं मोजावी लागतात.

पुण्यातले वाचक इथे कल्याणीनगर आठवतील. मे २०२४, मध्यरात्रीनंतर पोर्शे गाडी, दोन तरुण इंजिनीअर ठार, चालवणारा १७ वर्षांचा. आपल्या लक्षात काय राहिलं? तीनशे शब्दांचा निबंध. पण पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्या मुलाच्या आई-वडिलांना आणि दोन डॉक्टरांना अटक झाली, हे आपण निबंधाइतकं बोलत नाही. आरोप सिद्ध व्हायचे ते कोर्टात होतील. मी हे आठवलं ते यजमानांच्या “तोंड उघडायचं नाही” या वाक्यामुळे. पोराला वाचवायचं म्हणून आई-बाप कुठली पायरी कधी उतरतात, ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. पहिली पायरी नेहमी साधी असते. गप्प बसण्याची.

आणि १७ वर्षांचा म्हणजे अजून लहानच, कायदा सांभाळून घेईल, असं घरात कुणाला वाटत असेल तर तेही तपासून घ्या. जॉर्जियात फौजदारी कायद्याच्या दृष्टीने १७ वर्षांचा मुलगा सज्ञान धरला जातो. त्याचा खटला मोठ्यांच्या कोर्टात चालतो. शिवाय शर्यतीच्या कायद्यात फक्त गाडी चालवणाराच येतो असं नाही; ‘कोणत्याही प्रकारे भाग घेणं’ अशी भाषा तिथे आहे. शेजारी बसून व्हिडिओ काढणं त्यात बसतं का, हे एखादा वकील ठरवेल. पण हा प्रश्न कोर्टात विचारला जावा अशी वेळ का येऊ द्यायची?

आता तुमचा खरा प्रश्न. सांगायचं की नाही.

तुम्ही लिहिता, सांगितलं तर त्या पोराचं आयुष्य माझ्या हातून उद्ध्वस्त होईल. या वाक्याजवळ मी बराच वेळ बसून राहिले, कारण त्यात तुमचा चांगुलपणा आहे. परक्या पोराचं भलं-बुरं तुम्ही स्वतःच्या माथी घेताय. पण या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: सांगितल्याने नुकसान होतं आणि न सांगितल्याने सगळं आहे तसं राहतं.

तसं राहत नाही. याचा पुरावा कार्टरच्याच गोष्टीत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे त्या रात्रीच्या चार महिने आधी, अथेन्समध्ये पोलिसांनी कार्टरला अडवलं होतं. ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तो ८९ मैलांनी चालला होता. हजार डॉलरच्या वर दंड झाला. तुरुंगात नेत नाही हीच सवलत समज, असं त्या पोलिसाने त्याला सुनावलं आणि तुझ्या मित्रांनाही वेग कमी करायला सांग, असंही बजावलं. दंड भरला गेला आणि सगळं पुन्हा सुरू झालं. त्या चार महिन्यांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने गाडीची किल्ली काढून घेतली असती, त्याला दोन सामने बाहेर बसवलं असतं, तर तो रागावला असता, रडला असता. ड्राफ्टमध्ये कदाचित पहिला-दुसराही आला असता. आणि ७७ नंबरचा मुलगा आज जिवंत असता का, हे मला सांगता येत नाही, पण त्याच्या आई-वडिलांच्या मनात हा प्रश्न असेल.

तुमच्या हातात जे आलंय, ते ‘सप्टेंबर’ आहे, ताई. अजून कुणाला खरचटलेलंही नाही. आत्ता सांगितलं तर त्या मित्राचं नुकसान होईल ते किल्लीचं, चार शनिवारांचं, फार तर एखाद्या सामन्याचं. उद्या हायवेवर जे होऊ शकतं, त्याच्याशी याची तुलना करून बघा.

मला एक जुनी आठवण सांगायची आहे. मी कॉलेजात असताना आमच्या वर्गातला एक मुलगा मोटारसायकलवर मागे बसून निघाला होता. पुढच्या मित्राने एसटीशी पैज लावल्यासारखी गाडी हाणली. पुढचा वाचला, हा गेला. त्याच्या आईकडे आम्ही वर्षानुवर्षं जात असू. भेटायला येणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी विचारायचा, “गाडी कोण चालवत होतं?” आणि ती माउली दर वेळी उत्तर द्यायची, “आमचा नव्हता चालवत.” जणू त्यात काही दिलासा आहे. त्या मित्राला वेगाचं वेड आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही हसायचो. घरी कुणीच सांगितलं नाही, कारण चुगली केल्यासारखं वाटलं असतं. मीही सांगितलं नाही.

म्हणून माझं उत्तर: सांगा. पण कसं आणि कुणाला, यात पुष्कळ काही आहे.

आधी मुलाशी बोला, आणि त्याला अंधारात ठेवून काही करू नका. “मी तुझ्या मित्राच्या आजींकडे जाणार आहे. त्याआधी तुला चार दिवस देते. तू स्वतः त्याच्याशी बोल,” असं सांगा. तो चिडेल. ‘तू माझी मैत्री तोडतेयस’ म्हणेल. चिडू द्या. सतराव्या वर्षी मित्राला ‘गाडी थांबव’ म्हणणं किती अवघड असतं हे आपण मोठी माणसं विसरतो. नुसत्या उपदेशाने ते धाडस येत नाही. इतकंच काय, डोळ्यांसमोर सहकारी गेल्यावरही जॉर्जियाच्या संघातले खेळाडू अतिवेगासाठी पकडले गेल्याच्या बातम्या पुढे येतच राहिल्या. मरणाची भीती त्या वयात दुसऱ्यांसाठी असते. म्हणून त्याला भीती घालण्यापेक्षा एक सबब द्या. चारचौघांत मान खाली न जाता त्या गाडीतून उतरता येईल अशी सबब. “माझी आई वेडी आहे, फोनवर लोकेशन लावून बसलीय, वेग दिसतो तिला.” त्याला तुमच्यावर ढकलू द्या. आईवर ढकलणं कुठल्याही देशातल्या पोरांना चालतं.

आणि त्याला एक वचन द्या, दोघांनी मिळून. रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन कर. आम्ही येऊ, गाडीत बसवू, आणि घरी येईपर्यंत एकही प्रश्न विचारणार नाही. हे वचन पाळणं वाटतं त्याहून कठीण आहे. मध्यरात्री दोनला गाडी काढून वीस मैल गेल्यावर जिभेला आवर घालणं सोपं नसतं. पण पहिल्याच वेळी तुम्ही वाटेत तोंड सोडलंत तर दुसरा फोन येणार नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर.

यात कायदाही तुमच्या बाजूने आहे. जॉर्जियात १८ वर्षांखालच्या मुलांच्या लायसन्सवर रात्री बारा ते पहाटे पाचपर्यंत गाडी चालवायला मनाई आहे. सोबत किती मित्र न्यायचे यावरही बंधनं आहेत. २१ वर्षांखालच्या चालकाला शर्यत किंवा बेदरकार चालवण्याबद्दल दोषी धरलं तर लायसन्स निलंबित होतं. तेव्हा तुमच्या घरची गाडी मुलगा चालवत असेल तर बाराच्या आत किल्ली खुंटीला, हा नियम तुम्ही काढलेला नाही, राज्याने काढलेला आहे. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत पालकांना वेगाची कमाल मर्यादा ठरवता येते. नसेल जमत तर डीलरकडे विचारा.

आता आजी. कोचच्या आधी आजींकडे जा. फोन नको, मेसेज तर नकोच. त्या घरी कधी असतात ते विचारून, दिवसा, शक्यतो एकट्या जा. रिकाम्या हाताने जाऊ नका. आपण जसं कुणाकडे जातो तसं जा. आणि गेल्या गेल्या व्हिडिओ लावू नका. नातवाला एकटीने वाढवलेली बाई आहे. दारात उभी राहून कुणी तिच्या नातवाचा गुन्हा दाखवला तर ती आधी नातवाची बाजू घेईल, आणि तिने तसंच करावं. तुमच्या मुलापासून सुरुवात करा. “माझा मुलगा त्या गाडीत होता. मला रात्री झोप लागत नाही. तुमच्या नातवावर आमचा जीव आहे, म्हणून पहिल्यांदा तुमच्याकडे आले.” हे खरंच आहे, पत्रातून मला दिसतंय. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. मामाने गाडी दिलीय, तर मामाला बोलवायचं की कोचला सांगायचं, हे त्या घराने ठरवलेलं बरं. ज्या पोराकडे कॉलेजचे लोक डोळे लावून बसलेत, त्याच्याबद्दलची गोष्ट संघातल्या कुणाच्या तोंडून फुटण्यापेक्षा त्याच्या आजीच्या तोंडून कोचकडे गेली, तर ती त्याच्या बाजूने जाते.

आजींनी दार लावून घेतलं, किंवा दोन आठवड्यांनी पुन्हा तसलाच व्हिडिओ दिसला, तर कोचकडे जा. तेव्हा मागेपुढे बघू नका. आणि शर्यत कुठल्या रात्री, कुठे आहे हे आधी कळलं, तर सरळ ९११, म्हणजे तिकडचा पोलिसांचा तातडीचा नंबर.

त्या व्हिडिओचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. कुणालाही पाठवू नका. बहिणीला नाही, मंडळाच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तर नाहीच. आणि घाईने पुसूनही टाकू नका, मुलालाही पुसायला लावू नका. उद्या कुठे चौकशी सुरू झालीच, तर काहीतरी लपवलं, ही गोष्ट मूळ प्रकाराहून भारी पडते. पोलिसांनी काही विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि वकील सोबत असल्याशिवाय जबाब द्यायचा नाही. ही दोन्ही वाक्यं मुलाला आजच पाठ करून ठेवू द्या. तसंच तिसरं: अपघात झालाच, आपला असो की दुसऱ्या गाडीचा, तर जागा सोडायची नाही, ९११ लावायचा आणि तिथेच थांबायचं.

यजमानांची ग्रीन कार्डची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. वर्षानुवर्षं रांगेत उभ्या असलेल्या घराचा जीव कसा टांगणीला लागलेला असतो, ते तुमच्यासारख्या कितीतरी पत्रांतून मला कळतं. पण त्यांनी हिशोब उलटा मांडलाय असं मला वाटतं. मित्राच्या आजीशी जाऊन बोलणं कुठल्याही कागदावर येत नाही. अटक येते, आरोपपत्र येतं. नागरिक नसलेल्या मुलाच्या बाबतीत अशा नोंदीचा परिणाम काय होईल, हे इमिग्रेशनच्या वकिलाला एक तासाची फी देऊन विचारून या, दोघांनी एकत्र. तुम्ही सांगितलेलं त्यांना तुमची काळजी वाटेल. वकिलाने सांगितलेलं ते कदाचित नीट ऐकतील.

त्यांच्याशी बोलताना एक लक्षात ठेवा. ‘काही झालं नाही ना’ असं म्हणणारा बाप बेफिकीर असतोच असं नाही. बऱ्याचदा त्यालाही तो व्हिडिओ पुन्हा बघवत नसतो. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिलाय का? नसेल, तर शेजारी बसून एकदा दाखवा. काही बोलू नका. मुलाचं हसणं त्यांना ऐकू द्या.

जर्सी काढू नका. तुम्ही काढलीत तर ती त्याच्या कपाटात जाईल आणि मनात आणखी मोठी होईल. ७७ चा प्रश्न विचारून झाल्यावर तिचं काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. राहिली भिंतीवर तरी हरकत नाही.

तिकडे शाळांचे सामने शुक्रवारी रात्री असतात ना? सामना संपला की पोरं गाड्यांत बसतात. या शुक्रवारी तुम्ही मैदानावर जा, यजमानांनाही न्या. मुलाला आधीच सांगून ठेवा, की येताना आपल्या गाडीतून यायचं आणि मित्रालाही घेऊन यायचं, जेवायला. रात्री घरी आल्यावर फोन उशाशी ठेवा, आणि त्याचा आवाज चालू राहू दे.